फाटकाजवळच्या काकू

शेजारच्या काकू मुलाकडे स्पेनला राहून आल्या, तेव्हा सगळी गल्ली फोटो बघायला जमली. फोटोंत गव्हाची शेतं, ऑलिव्हची झाडं आणि नदीकाठच्या पायवाटा, एवढंच. "आपल्या सीनेसारखीच नदी की, पाणी तेवढं जास्त," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून दर रविवारी त्या मला सीना नदीच्या काठाने फिरायला नेतात. साडीखाली बूट, भरभर चाल, आणि समोर येईल त्याला, अगदी म्हशीलासुद्धा, मोठ्याने नमस्कार.

मागच्या रविवारी, वाट जिथे ज्वारीच्या शेतातून जाते तिथल्या फाटकाला शेतकरी बाभळीच्या फांद्या लावत होता. "फिरायला येणारी लोकं फाटक उघडंच टाकत्यात. शेरडं आत शिरून ज्वारी खात्यात. आता वाट बंद," तो म्हणाला.

मी परत फिरलो. काकू मात्र तिथल्याच दगडावर बसल्या. "आजच्या दिवस मला राखणीला ठेवा की."

त्याने नाइलाजाने फांद्या बाजूला केल्या. मग जो येईल त्याच्यासाठी काकू फाटक उघडायच्या, लावायच्या आणि बजावायच्या, "पुढच्या वेळी तुम्ही लावायचं हं!" फोनवर बोलत पुढे गेलेल्या एका साहेबांना त्यांनी परत बोलावून फाटक लावायला लावलं. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं.

ऊन चढल्यावर शेतकरी ताक घेऊन आला.

"आजी, तुमी जावा फिराया. मी बसतो हितं."

काकू उठल्या नाहीत. ताकाचा तांब्या हातात घेतला आणि दगडावर थोडं सरकून त्याला जागा करून दिली.