रिकाम्या गाडीत न येणारा आवाज

त्याला सगळे आडवा म्हणतात. वीस-बावीस वर्षं गाड्यांखाली पाठ टेकून काम केल्यावर हे नाव पडलं आणि चिकटलं. शेजारचा टायरवाला म्हणतो, "हा उभा राहिला की मी ओळखतच नाही, कोण पाहुणे म्हणून विचारतो." गिऱ्हाइकांना तो चेहऱ्यांपेक्षा पायांवरून जास्त ओळखतो. चाकांच्या फळीवर झोपून आत सरकायचं, झाडूचा तुटका दांडा एका टोकाने लोखंडाला लावायचा, दुसरं टोक कानाला, आणि डोळे मिटायचे. आवाज कुठून निघतो ते लाकूड सांगतं, असं त्याचं म्हणणं. आजवर त्याचं निदान चुकलं असं कोणी बोललेलं नाही, आणि याचंच त्याला थोडं भय वाटत आलंय.

त्या सकाळी फळीच्या कडेला कापडी बूट येऊन उभे राहिले. ताई. त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. भावोजींची नजर अधू झाल्यापासून जुनी पिकअप तीच चालवते. काचेच्या गोदामातून तावदानं उचलते आणि घाट उतरून खाली नव्या हॉस्पिटलच्या इमारतीवर पोचवते.

"पुन्हा वाजतंय," ती म्हणाली.

"कसं?"

"ब्रेक मारला की. कोणीतरी दार एकदाच ठोठावून निघून जावं, तसं. ठक्. मग काही नाही."

"रोज?"

"तीन दिवस झाले. आज बाराला भरलेली गाडी घेऊन उतरायचंय. ऐक आणि सांग, जाऊ की नको."

गाडी नेहमीप्रमाणे धुतलेली होती, मागचा हौदा झाडलेला. भावाकडे घाण गाडी न्यायची नाही, हा तिचा नेम होता. काच घेऊन तर गॅरेजमध्ये कोणीच येत नाही. सगळेच गाडी रिकामी करून आणतात, आणि आडव्यालाही त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

त्याने तिला गाडी पुढे-मागे करायला लावली. तो बाजूने चालत राहिला, वाकून. ब्रेक. शांत. पुन्हा ब्रेक. मागच्या बाजूला बारीकशी कुरकुर, बस. तो खाली सरकला, दांडा लावला, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकाशी बुश कोरडे पडलेले दिसले. अजून दोन-तीनदा ऐकायला हवं होतं. पण घड्याळात साडेदहा वाजले होते आणि वरून ताईचा आवाज आला, "अरे, झोपलास की काय तिथे?"

"बुश सुकलेत. ग्रीस मारतो."

"ठक् आवाज ग्रीसने जाईल?"

"कोरडं झालं की ठकठकतं."

"तू म्हणतोस तर ठीक." ग्रीस मारून झालं आणि ती गाडी घेऊन गेली, गोदामाच्या रस्त्याने.

तो बाकावर बसला. हात पुसले. आपण आत्ता काय पाहिलं ते मनात परत नेऊन बघायची त्याला सवय होती, झोप लागेपर्यंत ती सुटत नसे. पंधरा दिवसांपूर्वी याच गाडीचे मागचे पाटे त्याने बदलले होते. पाटा आणि ॲक्सल एकत्र आवळून धरणारे यू-बोल्ट, दर बाजूला चार नट. आधी हलके फिरवायचे, जॅक उतरवून वजन आलं की पान्याला लांब पाइप लावून पूर्ण आवळायचे, आणि झालं की प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ. ही रेघ तो कुणाला दाखवण्यासाठी मारत नाही. मारली म्हणजे आवळलं, एवढाच अर्थ.

डावीकडे चार पिवळ्या रेघा. आत्ता पाहिल्या होत्या.

उजवीकडे?

उजवीकडे स्वच्छ धुतलेलं लोखंड होतं.

त्याला ती दुपार आठवली. डावी बाजू झाली होती. ताईने थर्मास आणला होता आणि नेहमीप्रमाणे त्याचा पाय धरून त्याला फळीसकट बाहेर ओढलं होतं. हे करायची मुभा तिला एकटीलाच. "आधी चहा घे, लोखंड कुठे पळत नाही." त्याने चहा घेतला. मग भावोजींच्या डोळ्यांचं बोलणं निघालं. मग तो उठला, पाने गोळा केले आणि चावी तिच्या हातात दिली.

वजन नसताना पाटा जागेवरच बसून राहतो. भरलेल्या गाडीत, उतारावर, ब्रेक दाबला की ॲक्सल सरकायला बघतो. ठक्. रोज जरा जास्त.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे त्यानेच तिला शंभरदा बजावलं होतं. त्याने मोठा पाना आणि पाइप उचलला.

"गाडी दे तुझी," तो टायरवाल्याला म्हणाला.

"अरे वा, आज उभा! पेट्रोल कोण—"

"चावी."

टायरवाल्याने त्याचं तोंड पाहिलं आणि चावी दिली.

गोदामावर कळलं, वीस मिनिटांपूर्वीच निघाली. पाइप मांडीखाली आडवा धरून तो मोटरसायकल पळवत होता. प्रत्येक वळणापाशी पुढे गर्दी दिसू नये, एवढंच मनात होतं. रस्त्यावर काचेचा चुरा दिसला की काय असं वाटायचं, आणि ते नुसतं पाणी असायचं.

माथा ओलांडून उतार जिथे सुरू होतो तिथेच, कडेला, पिकअप उभी होती. ताई खाली उतरून मागच्या चाकाकडे बघत होती. मागे रबराच्या पट्ट्यांवर उभी तावदानं, त्यांत आकाश.

"ग्रीस मारलंस ना तू?" ती ओरडली. "आत्ता असं वाजलं की पायातून वर आलं! पुढे जायची छातीच होईना."

तो वाकला. उजवीकडचा पहिला नट त्याने दोन बोटांनी धरला. नट फिरला.

त्याने दुसरा धरला. तोही फिरला.

"काय आहे? बोल की."

"ही बाजू मी आवळलीच नव्हती. पाटे घातले त्या दिवशी. विसरलो."

खालच्या वळणावरून एक ट्रक धापा टाकत वर येत होता.

"तीन दिवस मी हे घेऊन खाली जातेय," ती हळू म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "गाढवा, तीन दिवस! आणि सकाळी मला बुश सांगतोस?"

"हो."

"त्या दिवशी मीच ओढलं होतं तुला. चहाला."

"हात माझे होते."

काच तिथे उतरवणं शक्य नव्हतं, आणि नट वजनाखालीच आवळावे लागतात. पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट शाबूत होता. त्याने चारही चाकांना दगड लावले, पण हॅंडब्रेकवर त्याचा भरवसा नव्हता, गाडीच्या वयामुळे. "वर बस. ब्रेक दाबून धर. मी सांगेपर्यंत पाय काढू नको."

फळी नव्हती. तो खडीवर पाठ टेकून आत सरकला. छातीच्या वीतभर वर ॲक्सल, त्याच्या वर सगळी काच. पाइपावर जोर दिला की गाडी किंचित हलायची आणि दगड करकरायचे.

"ताई?"

"धरलाय."

दुसरा नट. तिसरा. घाम डोळ्यांत गेला.

"ताई?"

"अरे, धरलाय म्हटलं ना! माझा पाय थरथरतोय, मला बोलायला लावू नको."

चौथा. मग पहिल्यापासून पुन्हा, चारही.

तो बाहेर आला तेव्हा तिला सांगूनही तिने पाय लगेच काढला नाही. त्याने दगड बाजूला केले. दहा पावलं गाडी सोडून तिने ब्रेक मारला. काही नाही. पुन्हा. काही नाही.

"आता सावकाश जा. मी मागून येतो."

"मागून नाही." तिने आतून दुसऱ्या बाजूचं दार ढकललं. "इथे बस. काम तुझं आहे ना? मग उतर माझ्याबरोबर."

मोटरसायकल तिथेच ठेवून तो चढला. या सीटवर तो कधी बसला नव्हता. समोरच्या काचेतून रस्ता एकदम खाली पडत होता आणि पाय ठेवायच्या जागी त्याचे पाय उगाचच ब्रेक शोधत होते.

पहिलं वळण आलं. तिने ब्रेक दाबला. त्याने डोळे मिटले.

"काय?" तिने विचारलं, रस्त्यावरून नजर न काढता.

"काच."

"काच काय?"

"काचेचाच आवाज आहे. रबरावर. बाकी काही नाही."

"नक्की?"

"पुढच्या वळणाला सांगतो," तो म्हणाला, आणि तिने गिअर खाली टाकला.