कोलोनसाठी मांडलेल्या खुर्च्या

हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक माणूस हॉकी खेळतो, अशी ब्राउनश्वाइगच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पन्नास-साठच्या दशकात सगळ्यांची पक्की समजूत होती. मी दाखल झालो त्याच आठवड्यात क्रीडा विभागातल्या दोघांनी मला मैदानावर नेलं आणि हातात स्टिक दिली. मी ती फिरवली, ती माझ्याच नडगीवर बसली. पुण्यात मी बुद्धिबळाखेरीज कशातही भाग घेतला नव्हता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि स्टिक काढून घेतली.

पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला रिकामं कसं पाठवायचं? त्यांनी मला विचारलं, तुला येतं तरी काय? मी जरा फुशारकी मारली. म्हटलं, गणेशोत्सवात आमच्या मंडळाची सगळी व्यवस्था मी पाहायचो. वर्गणी, मांडव, तिकिटं, पाहुणे, सगळं. हे ऐकून हॅण्डबॉल संघाच्या कप्तानाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग तू आमच्याकडे ये," तो म्हणाला. "आमच्याकडे खेळणारे पुष्कळ आहेत. व्यवस्था कुणालाच येत नाही."

तेव्हा हॅण्डबॉल मैदानावर खेळत. संघात अकरा खेळाडू, मैदान फुटबॉलचं. रविवारी निम्मा गाव बघायला लोटायचा. आमचा कप्तान तिशी ओलांडलेला होता. युद्धानंतर बरीच वर्षं तो रशियात कैदेत होता. सुटून आल्यावर त्याने शाळेची राहिलेली परीक्षा दिली आणि मग इंजिनिअरिंगला नाव घातलं. बरोबरीची पोरं त्याला म्हातारा म्हणायची आणि तो हसायचा. हे त्याचं शेवटचं वर्ष होतं. त्याला एकच ध्यास होता. कोलोनला विद्यापीठांची मोठी स्पर्धा भरायची होती, तिथे संघ न्यायचा. आमची निवड झाली होती, पण क्रीडा विभागाने हात वर केले. जायचं तर आपल्या खर्चाने जा, म्हणाले. कप्तानाला पुन्हा संधी नव्हती. मी म्हटलं, काळजी करू नकोस, कोलोनला तू जाणार. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला सवय होतीच.

आता आमच्या मैदानाविषयी सांगायला हवं. एका अंगाला कमरेएवढी फळ्यांची बंदिस्ती होती आणि तिच्यामागे आमचे नेहमीचे प्रेक्षक उभे राहायचे. त्यात विद्यार्थी होते, निवृत्त ट्रामवाले होते आणि माझी घरमालकीणही होती. ही बाई विधवा, अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. मला ती "हेर इंगेनियर", म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणायची, मी परीक्षेत नापास झालो त्या दिवशीही. मी मनातल्या मनात तिला काकू म्हणायचो. दर रविवारी ती थर्मासभर कॉफी आणि आलुबुखाऱ्याचा केक घेऊन यायची. बाकीच्या बायकाही काही ना काही आणायच्या. मध्यंतराला तो केक आमच्या खेळाडूंना मिळे आणि समोरच्या संघालाही. गोल झाला की ही मंडळी फळीवर मुठी आपटायची. दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवलेला असे. त्यात ज्याला जे टाकावंसं वाटेल ते तो टाकी, आणि बहुतेकांना फारसं काही वाटत नसे.

मी डब्यात डोकावलो आणि कपाळाला हात लावला. या गतीने कोलोन काय, पुढचं स्टेशनही गाठता आलं नसतं.

मग मी पुणेरी डोकं चालवलं. आमच्याकडे कार्यक्रम कसा होतो? पुढे सोफे, त्यावर प्रतिष्ठित मंडळी, मागे जनता. प्रतिष्ठितांच्या जोरावर मांडव उभा राहतो. गावात डबाबंद शतावरीचा कारखाना असलेले एक गृहस्थ होते. मी टाय लावून त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, मदत करतो, मित्रांनाही तिकिटं घ्यायला लावतो. पण आम्हाला बसायला खुर्च्या हव्यात, फळ्यांच्या बाजूला, अगदी मध्यावर. आणि खाण्यापिण्याचा स्टॉल तेवढा आमचा, दुसऱ्या कुणाचं काही नको. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

कप्तान खूश झाला. मग म्हणाला, "पण आपले लोक कुठे उभे राहणार?"

"समोरच्या बाजूला," मी म्हणालो. "तिथे जागाच जागा आहे."

जागा होती हे खरं. मध्ये चिखलाचा चर होता आणि वारा थेट अंगावर येत होता, हे मी बोललो नाही.

त्या रविवारी मी फाटकाशी पाटी लावली. फळ्यांची बाजू खुर्चीच्या तिकिटवाल्यांसाठी, घरचे पदार्थ आणू नयेत. काकू आली. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात केकचा डबा. तिने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाटी वाचली. आता आपली धडगत नाही, असं मला वाटलं. राहायची खोली तिचीच होती ना!

"हेर इंगेनियर, हे कोलोनसाठी आहे का?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे हेर कापिटेन जातील?"

"खुर्च्या भरल्या तर जातील."

"आल्झो, मग झालं तर," ती म्हणाली, आणि थर्मास कोटाखाली घालून सरळ चराकडे चालू लागली. तिच्यामागून ट्रामवाले गेले, विद्यार्थी गेले, बायका गेल्या. कुणी ब्र काढला नाही. मला खरं तर कुणीतरी भांडायला हवं होतं. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

इकडे खुर्च्या भरल्या. मी शतावरीवाल्यांना काकूच्याच बागेतल्या अ‍ॅस्टरच्या फुलांचा हार घातला. ती फुलं मी आदल्या दिवशी मागून घेतली होती आणि एखाद्या मुलीसाठी असतील असं समजून तिने हसत हसत परडी भरून दिली होती. हार पाहून मागून कुणीतरी म्हणालं, "अजून सामना सुरू नाही झाला, आणि हे जिंकले कसे?" मग मी पाहुण्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. ते दोन शब्द शतावरीच्या लागवडीपासून सुरू झाले. खेळाडू अर्ध्या चड्डीत कुडकुडत उभे. पंच एकदा घड्याळाकडे बघे, एकदा माझ्याकडे. मी अध्यक्षीय भाषणानंतर आभारप्रदर्शनाला उभा राहिलो, तेव्हा त्याने सरळ शिट्टीच फुंकली. माझे आभार घशातच राहिले.

सामना आम्ही हरलो. त्याहून वाईट म्हणजे शांततेत हरलो. खुर्चीतली मंडळी हातमोजे घालून टाळ्या वाजवत होती आणि चरापलीकडचा आवाज वारा शेताकडे घेऊन जात होता. कोल्हापूरचा एक मित्र तिथे डॉक्टरेट करत होता, तो बघायला आला होता. सामना संपल्यावर मला म्हणाला, "अरे शहाण्या, कुस्तीच्या फडात कुणी सोफे मांडतं का? तिथं मातीला टेकून बसतात, तेव्हा कुठं पैलवानाला चेव येतो. तुम्ही पुणेकर म्हणजे गेनाऊ, अगदी असलेच. तेरावं असलं तरी आधी अध्यक्ष शोधाल."

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

कपडे बदलायच्या खोलीत मी कप्तानाजवळ बसलो. पैसे चांगले जमले आहेत, पण खुर्च्या काढून टाकूया, असं म्हणालो. तो बुटांच्या नाड्या सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "नको. राहू देत. मला त्यांचा आवाज हवाय, पण मला कोलोनला जायचंय. फार जायचंय रे." इतका मोठा माणूस असं लहान मुलासारखं बोलला.

म्हणून खुर्च्या राहिल्या. भाषण मात्र मी रद्द केलं आणि हारांनाही सुट्टी दिली.

पुढच्या सामन्याला कडाक्याची थंडी पडली. स्टॉलवर फक्त थंड बिअर आणि डब्यातली शतावरी. मध्यंतराच्या सुमारास शतावरीवाले उठले, पाय मोकळे करायला म्हणून मैदानाला वळसा घालून गेले. बराच वेळ झाला तरी ते परत येईनात. मी त्यांना शोधायला गेलो, तर महाशय चरात एक पाय टाकून काकूच्या थर्मासमधली कॉफी पीत होते. तोंडात आलुबुखाऱ्याचा केक. शेजारचा ट्रामवाला त्यांना सांगत होता की आपला डावा बचाव कसा कच्चा आहे. तेवढ्यात आमचा गोल झाला आणि शतावरीवाल्यांनी अशी आरोळी ठोकली की त्यांची हॅट चिखलात पडली.

"स्टॉल तुमचा असताना इथली कॉफी कशी चालते?" मी विचारलं.

"तरुण माणसा," ते म्हणाले, "तुझ्या पाटीवर प्यायला बंदी नाही, आणायला आहे. मी काहीच आणलेलं नाही."

त्यानंतर नव्याचे नऊ दिवस संपले. खुर्चीवाले दर रविवारी खुर्चीचं भारी तिकीट काढायचे, खुर्चीवर कोट आणि छत्री ठेवायचे आणि चराकडे निघायचे. पुढच्या रांगेत नुसते कोट बसून सामना बघायचे. शेवटच्या घरच्या सामन्याच्या आधी शतावरीवाल्यांनी आपणहून सांगितलं, त्या खुर्च्या हलवा, काकूंना फळ्यांकडे येऊ द्या, पैसे आम्ही तेवढेच देतो. चरातल्या मंडळींना आम्ही वाजतगाजत परत आणलं. त्या दिवशी फळीच्या दोन पट्ट्या निखळल्या आणि आम्ही जिंकलो. मला अतिशय आनंद झाला, आणि त्यात माझं कर्तृत्व किती होतं हे ठाऊक असल्याने मी गप्प बसलो.

आता बस ठरवायची वेळ आली. खेळाडू धरूनही काही जागा रिकाम्या राहत होत्या. माझ्यातला व्यवस्थापक पुन्हा जागा झाला. कोलोनला जाणारे लोक गावात पुष्कळ होते. त्या जागा विकल्या की रात्रीच्या मुक्कामाचा खर्च सुटत होता. कप्तान हिशेबात कधी लक्ष घालायचा नाही. या वेळी मात्र म्हणाला, "त्या जागा विकायच्या नाहीत. चरात उभे राहिलेल्यांना द्यायच्या."

"मग झोपायचं कुठे?"

"व्यायामशाळेत, गाद्यांवर. मी याहून वाईट जागी झोपलोय."

पोरांनी लगेच संमतीचे हात वर केले. मग चिठ्ठ्या टाकल्या. दोन ट्रामवाले आले, काही विद्यार्थी आले, आणि काकूची चिठ्ठी निघाली नाही तेव्हा ट्रामवाल्यांपैकी एकाने आपली तिला दिली. बायकोची तब्येत बरी नाही, असं त्याने सांगितलं. मागच्या रविवारी ती बायको फळीवर सगळ्यांत जोरात मुठी आपटत होती, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

कोलोनला आम्ही पहिलाच सामना हरलो, तोही सपाटून. पण कप्तान असा खेळला की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. अनोळखी गर्दीत आमची मूठभर माणसं घसा फाडून ओरडत होती. तो धावताना मध्येच त्यांच्याकडे बघे आणि आणखी धावे. हरल्यावर आम्ही खाली माना घालून बसमध्ये शिरलो, तर हा शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी परत निघताना त्याने ड्रायव्हरला स्टेशनसमोर थांबायला सांगितलं. तो उतरला आणि स्टेशनच्या मोठ्या दाराकडे बघत उभा राहिला. बराच वेळ झाला म्हणून आम्हीही एकेक करून उतरलो.

"मी या गावचा," तो म्हणाला. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. "रशियातून सुटलो तेव्हा या दारातून बाहेर आलो. माझ्याबरोबर उतरलेल्या प्रत्येकाला न्यायला कुणीतरी आलं होतं. बायका, पोरं, म्हातारे, नावं लिहिलेले पुठ्ठे घेऊन. मी सगळे पुठ्ठे वाचले. खरं म्हणजे मला माहीत होतं. आमचं घर, आमची गल्ली, काहीच राहिलं नव्हतं. तरी वाचले. मग पुढची गाडी पकडून निघून गेलो. तेव्हा ठरवलं होतं, परत येईन तर आपली माणसं बरोबर घेऊन येईन." मग तो हसला. "झालं. आलो. चला आता."

कुणी हललं नाही. काकूने हातातली पिशवी माझ्याकडे दिली.

"हेर कापिटेन," ती म्हणाली, "तुम्ही आत जा."

"कुठे?"

"स्टेशनात. आत जा आणि बाहेर या."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग आत गेला. काकूने आम्हाला हाताला धरून दाराच्या दोन्ही बाजूंना उभं केलं. आतून माणसं येत होती, सुटकेसवाली, घाईतली. त्यांच्यामागून तो दिसला. काकूने आजवर कधी न घेतलेलं त्याचं पहिलं नाव घेऊन मैदानावरच्या आवाजात हाक मारली आणि म्हणाली, "इकडे! इकडे बघ, आम्ही तुला न्यायला आलोय!"