सोमवार, बुधवार, शुक्रवारची गाडी

या पृथ्वीवरची हवा अजून श्वास घेण्याजोगी उरली असेल, तर त्यात निम्मा वाटा माझ्या आतोबांचा आहे आणि उरलेला झाडांचा. मी चेष्टा करतोय असं कुणाला वाटेल. पण ज्यानं त्यांच्या गाडीतून, चारी काचा खाली करून, ताशी पंचेचाळीसच्या वेगानं आमच्या गावापासून अलिबागपर्यंत प्रवास केला आहे, त्याला यातलं अक्षरही खोटं वाटणार नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. मुरुड-अलिबाग रस्त्यावरच्या आमच्या गावात त्यांची सुपारीची वाडी आहे, वाडीत कौलारू घर आहे आणि त्याच आळीत चार घरं सोडून माझं घर आहे. जन्मभर ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. कुठल्या चालकानं किती डिझेलमध्ये किती किलोमीटर गाडी नेली, हे तिथल्या फळ्यावर लिहिलेलं असे. आतोबा निवृत्त झाले, पण तो फळा त्यांच्या डोक्यातून काही निवृत्त झाला नाही.

"ब्रेक म्हणजे जळलेलं पेट्रोल रे," ते मला सांगत. "आधी जाळून वेग आणायचा आणि मग पाय देऊन मारायचा. कशाला?" त्यामुळे रस्त्यात म्हैस दिसली की अर्ध्या किलोमीटरवरूनच ते ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत. आम्ही तिथं पोचेपर्यंत म्हैस रस्ता ओलांडून, शेतात उतरून, डबक्यात जाऊन बसलेली असे. डिकीत किलोभरही जादा भार त्यांना खपत नसे. माझी छत्रीसुद्धा त्यांनी एकदा घरी ठेवायला लावली आणि मी नागावला भिजलो. टायरमधली हवा ते दर रविवारी स्वतःच्या मीटरनं मोजत, आणि मीटर हातात असला की दुसऱ्याचे टायरही त्यांना सोडवत नसत. माझ्या चुलतभावाच्या लग्नात वरात दारात आली, सनई सुरू झाली, आणि नवरदेव उतरायच्या आत हे गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले. "पाच पौंड कमी आहे," त्यांनी नवरदेवाला बातमी दिली. "असं चालवलंस तर पेट्रोल पाण्यासारखं जाईल." आत्यानं कपाळाला हात लावला. काशीदच्या किनाऱ्यावर मुंबईची माणसं एसी चालू ठेवून गाडीतच बसतात, इंजिन तासभर घुरघुरत असतं. आतोबा काचेवर टकटक करून अगदी अदबीनं विचारत, "साहेब, गाडी बंद होत नाहीये का? मी मेकॅनिक आहे, बघू का?" साहेब ओशाळून इंजिन बंद करत आणि आतोबा खूश होऊन त्यांना आपल्या वाडीतली शहाळी पाजत. स्ट्रॉ मात्र मिळत नसे. तोंड लावून प्यायची आणि शर्ट भिजला तर वाळवायला उन्हात उभं राहायचं.

घरातही तेच. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, तो लोंबता ठेवायचा, कारण सुटा तुकडा थेट समुद्रात जातो. आंघोळीचं पाणी केळींना, तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. दुसऱ्याच्या घरून निघताना पंखा बंद करायची त्यांना अशी सवय की आमच्याकडे सात माणसं पंख्याखाली बसलेली असताना ते बटण दाबून निघून गेले. आणि सगळ्यात जाचक नियम म्हणजे एका कामासाठी गाडी काढायची नाही. निदान तीन कामं जमली पाहिजेत. आत्याला एकदा लोणच्यासाठी काचेच्या बरण्या हव्या होत्या, त्या अकरा दिवस अडून राहिल्या. बाराव्या दिवशी माझी दाढ दुखायला लागली आणि शेजाऱ्यांचा मिक्सर बिघडला, तेव्हा गाडी निघाली. माझी दाढ दुखतेय हे ऐकून इतका आनंद झालेली आत्या मी तेव्हाच पाहिली. "यांना पावसाच्या पाण्यावर चालणारी बायको मिळायला हवी होती," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आतोबा म्हणत, "अगं, चालतेस की जवळजवळ." मग दोघंही हसत.

मग आत्याच्या किडन्या गेल्या. साखर कितीतरी वर्षं होतीच, तिनं शेवटी आपलं काम केलं. आठवड्यातून तीन दिवस अलिबागला डायलिसिस ठरलं, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, प्रत्येक वेळी चार तास. खेप चुकवायची नाही, चुकली तर पाणी छातीत साठेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

पहिल्याच आठवड्यात आत्यानं तिथल्या सिस्टरला विचारून घेतलं, की हे यंत्र पाणी किती पितं आणि वापरलेल्या नळ्या कुठं जातात. सिस्टर बिचारी हौसेनं सांगत गेली. परत येताना साळावचा पूल येईपर्यंत आत्या बोटांवर हिशेब करत होती. मग म्हणाली, "अहो, माझ्या एका खेपेच्या पाण्यात तुमची सुपारीची किती झाडं भिजतील?"

आतोबांना वाटलं, चेष्टा करतेय. ते हसले.

"आणि ते प्लास्टिक. आणि जाऊन येऊन हे पेट्रोल. एका बाईसाठी, तीही साठी उलटलेली. हे बरं नाही दिसत."

ती चेष्टा करत नव्हती. चाळीस वर्षं आपण जे जे सांगत आलो, ते ही बाई कुरकुरत, टिंगल करत का होईना, पण मनापासून खरं मानत आली, हे आतोबांना त्या पुलावर कळलं. हे मला त्यांनीच पुढे सांगितलं. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर पडवीत आतोबांचं पर्यावरणाच्या विरुद्ध आयुष्यातलं पहिलं भाषण चाललं होतं. पाणी वापरण्यासाठीच असतं, हॉस्पिटलच्या प्लास्टिकनं काही समुद्र भरून जात नाही, पेट्रोल काय रोज निघतंय जमिनीतून. आत्या गवारीच्या शेंगा मोडत ऐकत होती. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही," एवढंच म्हणाली. पुढच्या खेपेला त्यांनी गाडीतला एसी लावला. त्याचं बटण कुठलं, हे आदल्या दिवशी मला विचारून ठेवलं होतं. कोर्लईच्या आतच आत्यानं तो बंद केला आणि काच खाली केली. आणि दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी ती उठून, आंघोळ करून, तयार न होता देवासमोर बसली. "आजची खेप राहू दे," म्हणाली. "वाचेल तेवढं वाचेल." शनिवारी दुपारी तिला धाप लागली आणि गाडीत घालून धावपळ करत अलिबागला न्यावं लागलं.

सोमवारी सकाळी सात वाजता आतोबा माझ्या दारात. "तू एसटीनं का जातोस रे ऑफिसला? आमची गाडी जातेच आहे." मी अलिबागला सरकारी कचेरीत कारकून. मला एसटी सोयीची होती, खिडकीशी डुलकी काढता येत असे, आणि पंचेचाळीसच्या वेगानं जाऊन साहेबांची बोलणी खायची मला हौस नव्हती. मी कुरकुरत बसलो. मागच्या सीटवर आधीच दोघं होती. एक चाचा, त्यांचं अलिबागला शिलाईचं दुकान. दुसरी सुकी मासळी विकणारी भानू. ती आजवर मुरुडच्या बाजारात बसायची. अलिबागला गिऱ्हाईक कसं चांगलं आहे, हे आतोबांनी तिला दोन दिवस खनपटीला बसून पटवलं होतं. तिची बोंबलांची टोपली माझ्या मांडीवर आली. डिकीत छत्री न चालणाऱ्या माणसाला बोंबील चालत होते, आणि वर "सुकी मासळी हलकी असते" असं समर्थनही तयार होतं. मला वाटलं, रिकामी सीट बघवत नाही म्हणून म्हाताऱ्यानं नवं खूळ काढलंय. मी तसं बायकोजवळ बोललोही. आज त्याची लाज वाटते.

कारण खरी गोष्ट मला त्यानंतर महिन्यानं कळली. त्या सोमवारी कसलीशी सरकारी सुट्टी होती. मी लुंगीवर चहा पीत होतो. आतोबा आले आणि कधी नव्हे ते माझा हात धरला. "आज तुला ऑफिस आहे असं सांग," म्हणाले. "चाचांच्या घरी पाहुणे आलेत, भानूला ताप आहे. तू नाही आलास तर तुझी आत्याही नाही येणार. मी तिला सांगितलंय, गाडी तुझ्यासाठी जातच नाही, ती या लोकांच्या कामांना जाते, तू आपली सोबतीला बस. एवढ्यावर येते रे ती." मी कपडे घातले, डबा घेतला, रिकामी फाईलसुद्धा काखेत मारली. आत्या गाडीत बसलेलीच होती. "सुट्टीचंही बोलावतात का रे?" तिनं विचारलं. "मार्च एण्ड," मी म्हणालो. ऑगस्ट चालू होता. आतोबांनी गाडी सुरू केली आणि आत्या खिडकीबाहेर बघू लागली.

अलिबागला ते औषधं आणायला गेले तसं तिनं मला आत बोलावून घेतलं. हातात सुया, यंत्र गुरगुरतंय, आणि ही विचारते, "तुझं ऑफिस याच मजल्यावर आहे का रे?" माझी फाईल खाली पडली. "कॅलेंडर माझ्याच स्वयंपाकघरात आहे," ती म्हणाली. "त्यांना सांगू नकोस. त्यांना वाटतंय मी फसलेय. वाटू दे. मला या सुयांचा वीट आलाय. पण मी नाही आले तर ते हवा गेलेल्या टायरसारखे बसतील, म्हणून येते." मग म्हणाली, "तू येत जा. डबा मात्र खा, उपाशी नको राहू माझ्यापायी." मी तिच्या पायाशी बसून तो डबा खाल्ला.

असं वर्षभर चाललं. चाचांनी आत्याला दोन ब्लाऊज सैल बाह्यांचे शिवून दिले, सुया टोचायला सोपं जावं म्हणून. भानू तिला वाटेत कोळीवाड्यातल्या भानगडी रंगवून सांगे. त्या गाडीतले दोन तास आत्या पोट धरून हसायची. उतरली की गप्प व्हायची.

एका बुधवारी आम्ही तिघं त्यांच्या अंगणात जमलो तर आत्या पडवीत आडवी होती, साधी घरातली साडी, केस मोकळे. "आज मी येत नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हट्ट नव्हता. "आता पुरे." आतोबा काही बोलायच्या आत तिनंच पुढे म्हटलं, "पण ही माणसं ताटकळलीत. त्यांची कामं आहेत ना? गाडी त्यांच्यासाठीच जाते. जा, पोचवून या."

आतोबा तिच्याकडे बघत उभे राहिले. न जावं, तर वर्षभराचं खोटं उघडं पडतं; जावं, तर ती मागे राहते. जन्मात त्यांनी एकच खोटं उभं केलं होतं, आणि त्याच्यात ते स्वतःच अडकले. मला त्यांचा आणि आत्याचाही त्या क्षणी राग आला. ते वळले, गाडीत बसले. आम्हीही बसलो. पुढची सीट मोकळी होती. आतोबा रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते, काशीदच्या चढणीवर गिअर बदलायचं विसरले, इंजिन कण्हत राहिलं.

चढण संपल्यावर चाचा आतोबांना म्हणाले, "नाना, गाडी वळवा. आज माझं दुकान बंद आहे."

आतोबांनी आरशातून पाहिलं.

"माझा पन बाजार न्हाय आज," भानू म्हणाली. टोपली तिच्या मांडीवर होती, भरलेली.

"माझी रजा आहे," मी म्हणालो.

"तिघांचीही?" आतोबांनी विचारलं.

"व्हय, तिघांचीबी," भानू म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. आतोबांनी गाडी कडेला घेतली, पण वळवली नाही. स्टीअरिंगवर डोकं टेकून बसले. इंजिन चालूच होतं. बऱ्याच वेळानं चाचांनी हात पुढे करून किल्ली फिरवली, आणि मग आम्ही परतलो.

आत्यानं आम्हाला बघून फक्त "आलात?" म्हटलं. कुठली कामं, कसली सुट्टी, काही विचारलं नाही. भानूनं चहा केला. दिवसभर आम्ही तिथंच बसलो, आत्या मध्येच बोलायची, मध्येच डोळे मिटायची. आतोबा तिच्या उशाशी बसून होते आणि त्यांनी तिला एकदाही 'उद्या जाऊ' म्हटलं नाही. त्यानंतर ती अकरा दिवस होती.

आता मी, चाचा आणि भानू सकाळच्या एसटीनं जातो. सोमवार, बुधवार, शुक्रवार आतोबा थांब्यावर येतात, बस येईपर्यंत आमच्याशेजारी उभे राहतात. बस दिसली की प्रत्येकाला विचारतात, "काम आहे ना आज?" चाचा "आहे" म्हणतात, भानू "हाय" म्हणते, मीही मान हलवतो. मग ते समाधानानं "जा, जा" म्हणतात आणि बस हलेपर्यंत उभे असतात. एखाद्या दिवशी 'नाही आतोबा, काही काम नाही' म्हणावं, आणि त्यांच्याबरोबर घरी जाऊन चहा घ्यावा, असं मी दर सोमवारी ठरवतो. पण बस येते, आणि मी चढतो.