साडेबाराचं बोलावणं

भिक्षूंचं पात्र धुऊन कट्ट्यावर पालथं घातलं होतं. बागेत शिरल्यावर आम्हाला पहिलं तेच दिसलं. ओसरीवरच्या घड्याळात बारा पंचवीस झाले होते. मला चिठ्ठी पाठवून साडेबाराची वेळ दिली होती.

आम्ही म्हणजे मी आणि माझी आई. गडमुडशिंगीच्या महारवाड्यातून कसबा बावड्यापर्यंत वैशाखाच्या उन्हात चालत आलो होतो. आईच्या डोक्यावर पाटी. पाटीत ज्वारीच्या भाकरी, भरलेली वांगी, शेंगदाण्याची चटणी. निघताना तिनं तीनदा विचारलं होतं, "माज्या हातचं त्ये घेतील नव्हं?" तिन्ही वेळा मी हो म्हणालो होतो.

मी अस्पृश्यांच्या शाळेत मास्तर होतो. शहरातल्या वकील-शिक्षकांनी बुद्धाच्या शिकवणुकीप्रमाणे ध्यान करण्यासाठी मंडळ काढलं होतं. नियमांतलं पहिलंच वाक्य होतं, येथे जातिभेद नाही. आठ महिने मी दर रविवारी जात होतो. पायरीजवळ बसत होतो. आत जागा कमी आहे, असं सांगितलं जाई. मी ते मान्य करत होतो. हेही नोंदवलं पाहिजे.

त्या दिवशी सिंहलद्वीपाहून भिक्षू आले होते. मंडळाची अंगतपंगत होती. प्रत्येकानं घरचं अन्न आणायचं, आधी भिक्षूंच्या पात्रात वाढायचं, मग सर्वांनी मिळून जेवायचं.

मंडळाचे चिटणीस पुढं आले. वकील होते. हात जोडून म्हणाले, "अरेरे मास्तर! भिक्षू माध्यान्हीनंतर अन्न घेत नाहीत. नियमच आहे त्यांचा. आमचीही जेवणं झाली. पाटी तिकडं ठेवा, टांगेवाले खातील."

आईला फाटकाशी थांबवून मी पाटी टांग्यांकडे नेली. भिक्षूंना स्टेशनावरून आणणारा म्हातारा मुसलमान टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता.

"काय मास्तर, आत्ता व्हय? समद्यास्नी धाची येळ हुती की!"

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. साडेबारा. अक्षर चिटणीसांचं. माध्यान्हीचा नियम त्यांना ठाऊक होता, मला नव्हता. तोंडानं नकार द्यावा लागू नये, म्हणून ही वेळ दिली होती.

पाटी टांग्यापाशी ठेवून मी परत गेलो. लोक मैत्रीभावनेच्या ध्यानासाठी ओळीनं बसत होते. चिटणीसांना म्हणालो, "भिक्षूंना विचारा. उद्या सकाळी दहाला आणलं तर घेतील का?"

"असले प्रश्न गुरूंना विचारत नसतात."

भिक्षूंना इंग्रजी येत होतं, मला मराठी. दुभाषे चिटणीसच. प्रश्न तिथंच राहिला. भिक्षू माझ्याकडे बघून हसले, आशीर्वादाचा हात वर केला. त्यांना काहीच कळलं नव्हतं की सगळं कळलं होतं, मला आजही सांगता येत नाही. मग सर्वांनी डोळे मिटले. सर्व प्राणी सुखी होवोत.

फाटकाशी आईनं विचारलं, "उशीर झाला व्हय रं आपल्याला?"

हो म्हणणं सोपं होतं. चिटणीसांनी तेच उत्तर माझ्या हाती दिलं होतं, घरी न्यायला.

"न्हाई, आये. मुद्दाम उशिरा बोलावलं. टांगेवाला म्हणला, समद्यास्नी धाची येळ हुती."

ती त्या मिटलेल्या डोळ्यांच्या रांगेकडे बघत राहिली. "मग उचल पाटी. टांगेवाल्याला चार भाकरी दे. त्यो तरी खरं बोलला."

त्यानं त्या फडक्यात बांधून घेतल्या. खाल्ल्या की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी मी नाव कमी करायला गेलो. चिटणीसांनी वही उघडली. "कारण काय लिहू?"

"जात लिहा."

"मास्तर, मन मोठं करा," असं म्हणत त्यांनी लिहिलं, प्रकृती अस्वास्थ्य. मी लेखणी मागितली. त्यांनी दिली नाही.

त्या वहीत मी अजून आजारी आहे. संस्थानच्या महाराजांच्या हुकुमानं मला शाळेत खुर्ची मिळाली होती. हुकूम ताटापर्यंत पोचत नव्हता. माझ्या हयातीत पोचेल, असं मला वाटत नाही. आई तर वाट न बघताच गेली. पण कुणी विचारलं, तर मी आजारी नव्हतो, आणि आम्हाला उशीर झाला नव्हता. हे मी प्रत्येकाला सांगणार आहे, चिटणीसांच्या नावासकट.