नाटकाचा तास मी गणिताला देणार नाही

मैत्रिणींनो, आज मुख्याध्यापकांना तोंडावर नाही म्हणून आले. त्यांना माझा नववीचा नाटकाचा तास गणिताला हवाय. पालकांच्या तक्रारी येतात म्हणे.

एक तक्रार सकाळीच आली होती. माझ्या वर्गातल्या आरतीचे वडील वाळूजच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट वर्गात आले. "मॅडम, पोरीचं नाव काढा. नाटकानं दहावी निघती का?" आरती मान खाली घालून उभी.

मी म्हटलं, "काढते. पण आधी दोन मिनिटं तुम्ही आरती व्हा, ती पप्पा होईल. 'नाटकात जाऊ का?' एवढंच तिला विचारा."

ते हसले. "लई सोपंय."

आरती खुर्चीत बसली आणि रिकाम्या हातातला मोबाइल बघू लागली. त्यांनी विचारलं. ती वर बघेना. पुन्हा विचारलं. "अभ्यास कर," ती म्हणाली, नजर तिथंच. तिसऱ्यांदा विचारता विचारता ते मध्येच थांबले.

"मी असा करतो व्हय गं?"

"रोज, पप्पा."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "राहू द्या नाव."

मी शाळेत असताना आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नाटक बसवणाऱ्या सिस्टर शेवटच्या बाकावर बसून म्हणायच्या, "इथपर्यंत ऐकू येऊ दे, बाळ." तेव्हा मीही आरतीसारखीच घाबरट होते.

गणिताशी माझं भांडण नाही. पण घरात मनातलं बोलायला तुमच्या मुलांना कोणत्या तासाला शिकवतात, सांगा बरं?