सीतामाईला पुढे करून

ज्याने देवाच्याच नावाआड लबाडी केली, त्याने क्षमा मागावी तरी कोणापाशी? अकोल्याजवळच्या एका गावचा शेतकरी चंद्रभान या एका प्रश्नात जळत राहिला.

माणूस सात्त्विक. एकादशी चुकली नाही, भजनातला टाळ सुटला नाही. पण १९३३ साल उजाडले, कापडावरच्या जकातीवरून सरकारचे आणि जपानचे बिनसले, आणि जपानने आपला कापूस घेणेच थांबवले. भरल्या गाड्या अकोल्याच्या बाजारातून तशाच परतताना चंद्रभानने पाहिल्या. कापसाचा भाव बसला होता.

दुसऱ्याच दिवशी शेतात सीतादही होते. सीतामाईला दहीभात वाहायचा, मगच वेचणीला हात घालायचा. वेचणाऱ्या बायांना रोख मजुरी ठरलेली. पण दहीभात वाहून, हात जोडून चंद्रभान म्हणाला, "बायांनो, यंदा पैसे नाही. वेचल्या कापसाचा वाटा घ्या. सीतामाईची जुनी रीत हाये."

बाजाराबद्दल अवाक्षर नाही! बायांमधली वडीलधारी मनकर्णाबाई. तिने त्याच्याकडे एकवार पाहिले, वेचणीची ओटी बांधली आणि ती कापसाच्या ओळींमधल्या तासात शिरली.

तो वाटा बायांनी मिठातेलासाठी मातीमोल विकला. पौषात दिल्लीला जपानशी तह ठरला: जपानचे इतके कापड येईल, तर आपल्या कापसाच्या इतक्या गाठी जातील. भाव सावरला. चंद्रभानच्या घरी कापूस होता. बायांच्या घरी एक बोंड उरले नव्हते.

त्या दिवसापासून भजनात सीतेचे नाव आले की त्याचा टाळ चुके. अखेर तो मनकर्णाबाईच्या दारी गेला. ती ज्वारी पाखडत होती.

"बाई, बाजार बसला हे मले ठाऊक होतं."

"आमालेही होतं, भाऊ. माहा जावई कापसाच्या जिनात कामाले हाये."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"तुमाले बोललो असतो. तुमी तं सीतामाईलेच पुढं केलं! तिच्यासंगं भांडावं का आमी?"

त्याने ठरलेली मजुरी पुढे केली. तिने ती कमरेला खोचली. "आमचीच हाये, म्हून घेतो. बाकीच्यायची?"

"घरोघर जातो."

"जा. पन कायचे पैसे हाये, ते तोंडानं सांगजा. देवाची किरपा म्हून देऊ नका."

शेजारी वेचणीतल्याच सुभद्राबाईचे दार. चंद्रभान उंबऱ्याशी थांबला. सवयीने 'रामकृष्णहरी' ओठांवर आले. ते त्याने गिळले.

"बाई," तो म्हणाला, "म्या तुमाले फसवलं."