चाटून पाहिलेली पूड

विजयाताईंचा राग पांढुर्ण्याच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होता. प्राणिशास्त्राच्या तासाला कुणी कुजबुजलं तर त्या नुसत्या थांबत, अन् वर्ग गार पडे. १९८६ च्या हिवाळ्यात मात्र त्या थांबल्या नाहीत.

त्यांची धाकटी बहीण छाया सौंसरला भगवंतरावांच्या बियाण्याच्या गोदामात कामाला होती. कीड लागू नये म्हणून तुरीत नवीनच आलेली पांढरी पूड फावड्याने कालवायची. पूड इतकी बारीक, की धुरासारखी उठे अन् नाकावर बांधलेल्या पदरातूनही आत जाई. छायाला खोकला जडला. कुणी कुरकुरलं की भगवंतराव बोट बुडवून पूड चाटून दाखवत. तिथे औषधाची पारख जिभेवरच व्हायची. बायाही चाटत, हसत अन् फावडी उचलत.

विजयाताईंनी चिमूटभर पूड कागदात बांधून आणली. कंपाउंडरकडून स्वतःचं रक्त काढून घेतलं, सलाइनमध्ये त्यातल्या तांबड्या पेशी धुतल्या अन् तीन नळ्यांत घातल्या. एकीत काहीच नाही, दुसरीत जाड वाळू, तिसरीत ही पूड. पहिल्या दोन्हींत पेशी तळाशी बसल्या, वरचं पाणी नितळ राहिलं. तिसरीतलं पाणी लालभडक झालं. पेशी फुटल्या होत्या.

नळ्या घेऊन त्या थेट गोदामात गेल्या.

"बाई, चाटून पाहा न! साखरेसारखी आहे," भगवंतराव म्हणाले.

"पोटाचं नाही विचारून राहिली मी. छातीचं विचारून राहिली."

"काचेच्या नळीत छाती असते काय?" गोदामातले लोक हसले.

"नाही. छातीत हेच होते, असं मी छातीठोक सांगत नाही. पण तपासलं कोणी? तुम्ही? पूड बनवणाऱ्या कंपनीनं? पेशी फुटते हे डोळ्यांनी दिसून राहिलं, अन् तुम्ही माझ्या बहिणीच्या फुफ्फुसावर तपासून राहिले!"

"छाया, घेऊन जा तुझ्या ताईला. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

छायाने फावडं उचललं. दुसरं काम मिळणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

विजयाताई पुडीच्या पोत्यांवर जाऊन बसल्या. "तपासणीचा कागद येईपर्यंत ही पोती कोणी उघडणार नाही. पोलीस बोलवा, नाहीतर माझ्या प्रिन्सिपॉलला सांगा. मी उठत नाही."

भगवंतराव खरंच पोलिसांकडे माणूस पाठवायला निघाले. छायाने फावडं भिंतीला टेकवलं, अन् खोकत खोकत ताईच्या बाजूला येऊन बसली.